लोहाऱ्याचं दीपगृह आणि एक कोरी ओळ

समस्त नाविकांना, तांडेलांना, गलबतवाल्यांना आणि मचव्यांच्या मालकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, लोहारा तालुक्यातील एकमेव दीपगृह गेल्या महिन्यापासून बंद झाले आहे. तरी या परिसरातून जाणाऱ्या सर्व जहाजांनी यापुढे स्वतःच्या जबाबदारीवर मार्ग काढावा, सोयाबीनच्या राशींपासून योग्य अंतर राखावे, आणि एखादे जहाज तहसील कचेरीच्या भिंतीवर आदळल्यास त्याबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

सूचना संपली. ज्यांनी नकाशा शोधायला घेतला असेल त्यांनी तो परत ठेवावा. लोहाऱ्यातून संध्याकाळची एसटी धरली, दोन ठिकाणी गाडी बदलली आणि वाटेत टायर बसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी कुठं खारा वारा नाकाला लागतो. तेव्हा आमच्याकडं जहाज येण्याची भीती नाही. पण जन्मभर दीपगृहावर नोकरी केलेले आमचे आप्पा असते तर त्यांनी ही सूचना चष्मा कपाळावर चढवून वाचली असती आणि नापास करून परत दिली असती. कोणती बत्ती, तिची चाल काय, कधीपासून बंद आणि परत कधी लागणार, या चार गोष्टी नसतील तर ती नाविकांना सूचना होत नाही, असं ते मला अनेकदा सांगत. चारांपैकी तीन मी सांगू शकतो. चौथीचं... जाऊ द्या.

बातमी आली तेव्हा मी दुकानात होतो. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. एका शेतकऱ्याचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. उमरग्याच्या जीपवाल्यानं गाडी दारापुढं उभी केली, इंजिन बंद न करताच मान बाहेर काढली आणि म्हणाला, "बालाजीराव, तुमचे बत्तीवाले आप्पा गेले की हो. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मी 'बरं' म्हणालो आणि टाइप करत राहिलो. पुढं कागद बाहेर आला तर त्यात, मी शपथेवर लिहून देतो की सदर जमिनीत माझ्याशिवाय कुणी आप्पा नाही, असं काहीतरी आलेलं. तो शेतकरी बिचारा समजूतदार. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, जावा तुमी, माझं उद्या बघू.

विश्वनाथ आप्पांचा जन्म लोहाऱ्याचा. भाऊ जास्त, जमीन कमी, म्हणून त्यांना आयटीआयला घातलेलं. तिथं भिंतीवर एक सरकारी जाहिरात चिकटवली होती, दीपगृह सहायक पाहिजे. दीपगृह म्हणजे काय हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांना वाटलं, देवळाच्या दीपमाळेसारखं काही असेल, दिवे लावायचे आणि घरी यायचं. त्यांनी अर्ज केला. घरी यायला त्यांना तीस वर्षांच्या वर लागली. कोकणात एका खाडीच्या तोंडावर टेकडी आहे, टेकडीवर काळ्या दगडाचा मनोरा आहे, तिथं त्यांची सारी नोकरी झाली. त्या जागेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या गोष्टीत पुढं एक सरकारी वही जळते आणि मला कुणाला अडचणीत आणायचं नाही.

जाताना ते नव्या नवरीला घेऊन गेले होते. लग्नात तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितात, ते आप्पांनी स्वतः ठरवलं, गोदावरी. का, तर ती नदी आहे आणि तिला समुद्राला न्यायची आहे. गोदावरी उलट्या बाजूच्या समुद्राला मिळते हे त्यांना कोकणातल्या पोस्टमास्तरनं सांगितलं, पण तोवर नाव पडून गेलं होतं. आमच्या त्या गोदाकाकू.

रिटायर होऊन दोघं परत आले आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन खोल्यांचं घर बांधून राहिले. आठवड्याभरात अख्ख्या गावाला कुतूहलानं झोप लागेना. सगळं जग सकाळी खिडक्या उघडतं आणि संध्याकाळी लावून घेतं. आप्पा उलट करत. उन्हं अंगणात आली की त्यांच्या खिडकीवर जाड पिवळा पडदा ओढला जायचा आणि दिवस मावळला की तो सरकायचा. कुणी म्हणालं, काकूंना डोळ्याचा आजार आहे. कुणी म्हणालं, आत सोनं आहे. माझा स्वतःचा अंदाज असा होता की आप्पा दिवसा चोरून झोपतात, आणि मी तो आत्मविश्वासानं चारचौघांत सांगतही होतो.

मग एके दिवशी ते स्वतःच दुकानात आले. धोतर नाही, पँट, वर इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. बसायच्या आधी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्या टेबलावरच्या भिंगावर झाकला. जुन्या सातबाऱ्यावरची पुसट अक्षरं वाचायला मी ते मोठं भिंग ठेवतो. मी विचारलं, "आप्पा, भिंगाला थंडी वाजते का?" ते म्हणाले, "ऊन कुठवर येतं हितं?" मी म्हटलं, उंबऱ्यापर्यंत. त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं, टेबलाकडं पाहिलं, मनात अंतर मोजलं, आणि रुमाल तसाच राहू दिला. पुढची कितीतरी वर्षं ते दुकानात आले की आधी रुमाल भिंगावर, मग बूड खुर्चीवर. कारण विचारलं की म्हणायचे, सवय. मी गावभराची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो, माणूस कुठं खोटं बोलतो ते मला बोटांना कळतं. ही नुसती सवय नव्हती.

पिशवीत कागद होते. दीपगृहाचा इतिहास. तो टाइप करून, बांधून, त्या मनोऱ्यातल्या फडताळात ठेवायला पाठवायचा होता. आणि एक अट होती. हे काम दुकानातच होईल, कागद दुकानातच राहतील, घरी यातलं एक अक्षर जाणार नाही. मला वाटलं, माणूस हौशी आहे, बायको हसेल म्हणून लाजतो. काकूंना तर शेवटपर्यंत वाटायचं की आम्ही दोघं दुकानात पत्ते कुटतो. एकदा बाजारात भेटल्या तर म्हणाल्या, "बालाजी, त्यास्नी जरा जिंकू देत जा, लई उदास हून घरी येतात."

तो इतिहास असा. टेकडीवर आधी मनोरा नव्हताच, फक्त एक चौथरा होता. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडक, त्यावर होड्या फुटायच्या. म्हणून गावातली माणसं चौथऱ्यावर करंजाच्या तेलाचा मोठा दिवा ठेवायची आणि ज्याच्या घरचं माणूस समुद्रावर असेल त्याच्या घरचं तेल त्या दिवशी जळायचं. मग मनोरा आला. दगड त्याच टेकडीचा फोडला, त्यामुळं टेकडी जेवढी खाली गेली तेवढाच मनोरा वर गेला, असं आप्पांनी लिहिलंय. बत्तीभोवतीचं भिंग परदेशातून जहाजानं आलं, पेट्यांतून, गवतात गुंडाळून. पेट्यांच्या फळ्यांचे गावात दरवाजे झाले. गवत मात्र गाईंनी खाल्लं नाही, हीसुद्धा रीतसर नोंद आहे. दिवा आधी खोबरेल तेलावर, मग घासलेटवर, मग मँटलवर, म्हणजे आपल्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या बत्तीची थोरली बहीण. युद्धाच्या काळात बत्ती बंद ठेवायचा हुकूम आला तेव्हा कोळणी टेकडी चढून आल्या आणि भांडल्या. म्हणाल्या, युद्ध तुमचं, नवरे आमचे. पुढं वीज आली, मग सौर पाट्या आल्या, आणि आता तिथं हाताच्या पंजाएवढा दिवा आहे. तो आपोआप लागतो आणि आपोआप विझतो. ही ओळ टाइप करताना आप्पा दर वेळी घसा खाकरायचे.

मला त्यातलं सगळ्यात आवडायचं ते चालीचं प्रकरण. प्रत्येक दीपगृहाची चाल वेगळी असते. कुणी दोनदा उजेड फेकून थांबतं, कुणी एकदाच, कुणी लांब, कुणी तोकडा. त्यावरून जहाजाला कळतं आपण कुठं आहोत. हे आप्पा माझ्या दुकानात खोळंबलेल्या लोकांना समजावून सांगत. एकदा तूर विकून आलेले दोघं बसले होते, त्यांना म्हणाले, "अंधारात गाडी येत असती. बैल दिसत न्हाय, गाडीवान दिसत न्हाय. तरी कळतं का न्हाय, गाडी कुणाची ते? घुंगरावरनं कळतं. तसं हाय." दोघांनी एकदम मान हलवली. त्यांतल्या एकानं विचारलं, "आन एखाद्यानं दुसऱ्याचं घुंगरू बांधलं तर?" आप्पा इतके खूश झाले की त्याला चहा पाजला. कारण इतिहासातली मोठी गोष्ट नेमकी त्या प्रश्नावरच उभी होती.

ती गोष्ट आप्पांच्या आधीची, मँटलच्या जमान्यातली. तेव्हा मनोऱ्याच्या पोटात साखळीला वजन टांगलेलं असायचं. ते हळूहळू खाली यायचं आणि त्याच्या ओढीनं वरचं भिंग फिरायचं, म्हणजे मोठ्या घड्याळासारखंच. भिंग केवढं, तर आत माणूस उभा राहील एवढं. पण ते पाऱ्यावर तरंगत असे, त्यामुळं हातानं ढकललं तरी फिरायचं. एका पावसाळ्यात वादळ सुरू असताना ती साखळी तुटली. दीपगृहावरचा माणूस तापानं फणफणलेला, मदतनीस खाडीपलीकडं अडकलेला. तेव्हा त्या माणसाच्या बायकोनं सलग तीन रात्री भिंग हातानं फिरवलं. नुसतं फिरवून भागत नव्हतं. जोरात फिरलं तर चाल बदलली, आणि चाल बदलली की जहाजाला वाटणार आपण भलत्याच दीपगृहापाशी आहोत आणि ते सरळ खडकावर वळणार. तिच्याकडं घड्याळ नव्हतं. पहाटे जात्यावर जो हात बसलेला होता त्याच हातानं ती भिंग फिरवत राहिली. वादळ सरल्यावर एका जहाजाचा कप्तान मुद्दाम टेकडी चढून आला आणि चालीत काही फरक पडला नव्हता असं सांगून गेला. तिच्या नवऱ्यानं मग एक अजब काम केलं. दीपगृहाच्या इतिहासाची जी वही वर्षानुवर्षं लिहिली जात होती, तिच्यात त्यानं बायकोचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, सरकारी वहीत.

आणि आप्पांच्या कागदात नेमकं तेच नव्हतं. तिथं लिहिलं होतं, त्या तीन रात्री भिंग हातानं फिरवलं ते, आणि पुढं टिंबं. नाव मिळेपर्यंत इतिहास पाठवायचा नाही, असं आप्पांचं ठरलेलं. वहीची ती पानं नष्ट झाली आहेत, एवढंच मला सांगितलं होतं. वाळवी असेल, असं मी धरून चाललो.

नाव मिळावं म्हणून या माणसानं काय केलं नाही? नोकरीत असताना खाडीकाठच्या म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांना गोष्ट ठाऊक होती, पण नाव 'बत्तीवाली' एवढंच. रिटायर झालेल्या माणसांच्या घरी पत्रं धाडली. जुने कागद मिळाले त्यात पुरुषांची नावं होती, वडिलांची होती, गावांची होती, आणि बायकोच्या जागी 'सपत्नीक'. लोहाऱ्याला आल्यावरही पोस्टकार्डं सुटत राहिली. दर दोन-चार महिन्यांनी दुकानाच्या पत्त्यावर एखादं उत्तर यायचं, आप्पा ते माझ्याकडूनच वाचून घ्यायचे, आणि मग आम्ही दोघं ती टिंबं बघत चहा प्यायचो. मी बायकांच्या नावांची यादी केली. आठवतंय का बघा म्हणून एकेक मोठ्यानं वाचायचो. दहा नावं झाली की त्यांना अकरावं बरोबर वाटायचं, बारावंही वाटायचं, शेवटी सगळीच बरोबर वाटू लागायची. "साधं नाव हुतं," ते म्हणायचे. "वाचताना वाटलं हुतं, ह्ये आपून कुठंतरी ऐकल्यालं हाय."

हे ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. ते नाव आप्पांनी वाचलं होतं, म्हणजे पानं त्यांच्या वेळी शाबूत होती. पण माझं डोकं तेव्हा खोडीत गुंतलेलं. एकदा कंटाळून मी त्या टिंबांच्या जागी माझ्याच बायकोचं नाव टाइप केलं, सुनीता, आणि कागद पुढं ठेवला. आप्पांनी वाचला. म्हणाले, "तुमच्या सुनीताताईंनी जातं सोडा, मिक्सर तरी फिरवलाय का कधी?" मी हसलो. ते हसले नाहीत. पेन काढून त्यांनी नाव खोडलं आणि हळू आवाजात म्हणाले, "अंधारात माणूस जपून तरी जातो, बालाजी. चुकीच्या जागी बत्ती लावली तर बिनघोर जातो आन फुटतो." त्यानंतर मी त्या ओळीला हात लावला नाही.

खरा उलगडा झाला तोही माझ्या खोडीमुळंच. उन्हाळ्याची दुपार, लाईट गेलेली, प्रिंटर मुका, गिऱ्हाईक नाही. मी भिंग उचललं, उंबऱ्यावर बसलो आणि समोरच्या चहावाल्याला गंमत दाखवायला वाया गेलेल्या झेरॉक्सवर उन्हाचा ठिपका धरला. कागद तपकिरी झाला, धूर निघाला, चहावाला वा वा म्हणाला. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी माझ्या हातावर असा फटका मारला की भिंग रस्त्यात गेलं. आप्पा होते. या माणसानं आयुष्यात माशी मारली नसेल. भिंग त्यांनीच उचलून आणलं, पुसलं, टेबलावर ठेवलं, वर रुमाल टाकला. आणि बसले.

"दिवसा पडदा का लावत्यात ठाऊक हाय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग ते बोलले. दीपगृहाचं भिंग रात्री आतला उजेड बाहेर फेकतं, पण दिवसा तेच भिंग बाहेरचं ऊन आत गोळा करतं, आणि जे मध्ये येईल ते जाळतं. म्हणून सूर्य उगवला की मनोऱ्याच्या काचांना पडदे ओढायचे, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. आप्पांना नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. एका सकाळी वर काम करताना त्यांना फडताळात ती इतिहासाची वही सापडली. आत पडद्यामुळं अंधार. आमच्याकडच्या माणसाला सकाळी अंधारात बसवत नाही. सकाळ झाली की दार उघडावं, खिडकी उघडावी, उजेड घरात घ्यावा. आप्पांनी एक पडदा बाजूला केला, भिंगाच्या पोटात बत्तीच्या बैठकीवर वही उघडी ठेवली आणि वाचत बसले. त्या बाईची गोष्ट वाचली. अंगावर काटा आला. वही तशीच ठेवून ते खाली चहाला गेले.

"हिच्याशी काय बोललो, किती येळ बसलो, काय बी आठवत न्हाय," आप्पा म्हणाले. "वर आलो तर धूर. हातानं इझवली. मधली पानं गेली."

वरच्या साहेबांनी सांभाळून घेतलं. जळकी पानं कापून काढली आणि वहीत 'मधली पाने नष्ट' एवढंच लिहिलं. आप्पांचं नाव कुठं आलं नाही. मी विचारलं, काकूंना सांगितलं नाहीत? ते म्हणाले, "नवं लगीन हुतं. सासरा गावभर म्हणत हुता, पोरगी पाण्यात लोटली. म्या छाती ठोकून सांगून आल्तो, जबाबदारीची नोकरी हाय. आन म्हैन्याच्या आत..." त्यांनी भिंगावरचा रुमाल सारखा केला. "त्या टायमाला सांगितलं न्हाय. मग सांगायचं र्‍हायलं. मग सांगायसारखंच र्‍हायलं न्हाय. तू बी सांगू नको."

मी शब्द दिला. त्या दिवशी मला तो पिवळा पडदा कळला, रुमाल कळला, आणि टिंबं कळली. ज्या बाईनं बत्तीची चाल मोडू दिली नाही, तिचं नाव शेवटचं वाचणारा माणूस आपण, आणि ते आपणच जाळलं, एवढं ओझं घेऊन हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दुकानात येत होता. आणि मी गावाला सांगत होतो की हे दिवसा झोपतात.

शेवटची भेट जाण्याच्या चार दिवस आधीची. त्या दिवशी पिशवीत पोस्टकार्ड नव्हतं, दुरुस्ती नव्हती. रुमाल भिंगावर घातला, बसले, सगळा इतिहास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला. कोरी ओळ आली तेव्हा म्हणाले, "म्या गेल्यावर धाडून दे. पण ती ओळ तशीच ठेव. अंदाजानं भरू नको." मी म्हटलं, आप्पा, अजून पोस्टकार्डं यायचीत, घाई काय आहे. ते म्हणाले, "उत्तर देणारी माणसंच संपली रं." आणि उठले. जाताना रुमाल घ्यायचा विसरले. असं आधी कधी झालं नव्हतं...

तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मी इतिहासाची बांधलेली प्रत घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाठवण्याआधी काकूंनी एकदा बघावी एवढंच मनात होतं. जळलेल्या पानांबद्दल बोलायचं नाही, शब्द दिलेला. भर दुपार होती आणि पडदा ओढलेला. आत डोळे बसायला वेळ लागला. काकू खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या, निम्म्या अंदाजानं. मी विचारलं, "आता तुम्हीच पडदा ओढता का?" म्हणाल्या, चार दिवस उघडा ठेवून बघितला, घर परक्याचं वाटायला लागलं. मग भिंतीवरच्या फोटोकडं मान करून म्हणाल्या, "दिवसभर अंधार करून ठिवला बाबानं. आन त्याला बत्तीवाले म्हणायचं."

मी प्रत पुढं केली. त्यांनी ती हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली, परत दिली आणि मलाच वाचायला सांगितलं. पडद्याची कड बोटभर सरकवून तेवढ्या उजेडात मी वाचायला लागलो. चौथऱ्यावरच्या दिव्याला त्यांनी मान हलवली. गवत गाईंनी खाल्लं नाही याला म्हणाल्या, "ह्ये कशाला लिवायचं?" कोळणींच्या भांडणाला मनापासून हसल्या आणि त्यांतल्या दोघींच्या सुनांची नावंही सांगून टाकली. मध्येच त्यांचा हात थांबला. "म्हंजे तुमी पत्ते कुटत न्हवता?" मी म्हटलं, नव्हतो. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि नीट मांडी घालून बसल्या.

मग ती तुटलेली साखळी आली, तापातला नवरा आला, जात्याचा हात आला. मी वाचलं, "त्या तीन रात्री भिंग हातानं फिरवलं ते," आणि थांबलो. पुढं टिंबं होती. काकूंनी विचारलं, थांबलास का? मी सांगितलं, इथं त्या बाईचं नाव पाहिजे, ते कुठंच मिळालं नाही. आप्पांनी जन्मभर शोधलं, खाडीवरच्या सगळ्यांना विचारलं, कुठंकुठं पत्रं धाडली, कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून ओळ कोरी ठेवायला सांगून गेलेत.

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग फोटोकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते मी जसंच्या तसं इथं लिहितो, आप्पांच्या नियमाप्रमाणं, अंदाजानं काहीही न भरता.

"आरं, यमुना की. वरनं पळत आले आन चहा गार हुईस्तोवर तिचंच सांगत बसले हुते. माझं म्हायेरचं नाव हाय ते, म्या कशी इसरंन? जगाला पत्रं धाडली, मला इचारायला काय झाल्तं?"